न दुखणाऱ्या छातीचा डॉक्टर

आमच्या घराण्यात पुरुष साठी गाठत नाहीत, असं आजी म्हणायची. वडील ५१व्या वर्षी गेले, धाकटा भाऊ ५४व्या. दोघंही हृदयविकाराने. मी सत्तरी ओलांडली याचं नात्यात अजून नवल आहे! मुलगा आता ४३चा झालाय. त्याला काहीही होत नाही. आणि काहीच होत नसलेल्या माणसासाठी डॉक्टर शोधणं भलतंच अवघड निघालं.

ओळखीच्यांनी सुचवलेले सगळे अँजिओप्लास्टीत निष्णात. 'हात चांगला आहे' हे प्रशस्तिपत्रक प्रत्येकाला. पण मला आग विझवणारा नको होता, चुलीजवळचं रॉकेल हलवणारा हवा होता. एका मोठ्या रुग्णालयात 'पॅकेज' करून पाहिलं. जाड फाईल मिळाली, पण आजोबा कशाने गेले हे मुलाला कुणी विचारलं नाही.

शेवटी पसंत पडले ते साधे एम.डी. मेडिसिन. त्यांनी मुलाला आधी पाच मिनिटं गप्प बसवलं, मग रक्तदाब घेतला, दोन्ही हातांचा. टेपने कमर मोजली. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा, आमचे चिरंजीव ९६! घरातलं कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं, सगळं लिहून घेतलं. मग लिपोप्रोटीन (ए) ही तपासणी सांगितली. ते मुख्यतः जन्मतःच ठरलेलं असतं, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात ते सहसा नसतं.

मी स्ट्रेस टेस्टचं विचारलं. "लक्षणं नाहीत, आत्ता गरज नाही," म्हणाले. इथे माझा विश्वास बसला. नको ते नको म्हणणारा डॉक्टर हल्ली सापडतो कुठे?

लिपोप्रोटीन वाढलेलं निघालं, ७८. मर्यादा ५०ची. स्टॅटिनने ते उतरत नाही, म्हणून एलडीएल, रक्तदाब, वजन, जे हातात आहे ते जास्त कसून सांभाळायचं. मुलगा गंभीर झाला, पण चालायला लागलाय. असो.

हे लिहितोय ते भावाच्या मुलासाठी. वडील किंवा भाऊ ५५च्या आत हृदयविकाराला बळी पडला की डॉक्टर ते जोखमीत धरतात. म्हणजे माझ्या मुलापेक्षा त्याचा नंबर आधी लागतो. नागपूरहून अजून उत्तर नाही. बाळा, सिगरेटचं नंतर बोलू. आधी कमर मोजून कळव.