चाकाची चाकरी

आमच्या बाळपणीं राहात्याच्या घरीं एक बैलगाडी होती. पेरूच्या हंगामांत ती पाट्या भरून बाजाराची वाट धरी. पोळा जवळ आला म्हणजे वडील तिचीं चाकें ओल्या फडक्यानें पुसून काढीत आणि तुंबा, आरे, पाटे व वरची लोखंडी धाव यांवरून सावकाश हात फिरवीत. नाभि, अर, नेमि हे संस्कृत शब्द आम्ही पुढें शिकलों, परंतु त्यांचा अर्थ आम्हांस त्या गाडीनें आधींच शिकविला होता. मात्र वडील हात फिरवून काय शोधीत, हें कळण्यास आम्हांस वयाचीं साठ वर्षें ओलांडावीं लागलीं. तीच हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें मोटार घेतली. तिचीं चाकें पोलादाचीं नव्हेत, तर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं, म्हणजे ज्यांस ‘अलॉय व्हील’ म्हणतात तीं आहेत. घरांत रिकामपण काय तें आमच्याच वांट्यास आलेलें. म्हणून गाडी धुण्याचें काम आम्हीं आपण होऊन पत्करलें. पुढच्या चाकांवर चार दिवसांत काळें-तांबूस पुट चढे. चिंच व राख लावून पितळेचीं भांडीं लखलखीत करणाऱ्या घरांत आम्ही वाढलेले. तें पुट आम्हांस पाहवेना. आम्हीं तारेची घासणी चालविली, आणि तेवढ्यानें भागेना तेव्हां न्हाणीघराची फरशी धुण्याचें आम्ल ओतलें. त्या दिवशीं चाकें अशीं चकाकलीं कीं आम्हीं स्वतःसच शाबासकी दिली. पावसाळा सरूं लागला तसे मात्र त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतु उमटले. पुतण्या सुशील, तो एवढेंच म्हणाला, “काका, हें पितळ नव्हे.”

चाळीस वर्षें मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविणारांस स्वतःची चूक दिसली म्हणजे पुन्हां विद्यार्थी होण्यावांचून गति नसते. आम्हीं जाणत्यांस विचारलें, गाडीसोबत आलेलें पुस्तक वाचलें, तेव्हां उलगडा झाला. अ‍ॅल्युमिनियमांत सुमारें 7 टक्के सिलिकॉन व किंचित् मॅग्नेशियम मिसळून हीं चाकें बहुधा ओतितात. 1924 सालीं बुगाटी कंपनीनें आपल्या शर्यतीच्या मोटारीस अशीं ओतीव चाकें बसविलीं. आज तीं मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या गाडीसही असतात. हलकेपणा व उष्णता लवकर बाहेर टाकणें हे त्यांचे गुण. ब्रेक दाबला कीं घर्षणानें तप्त लोहकण उडून चाकास चिकटतात व ओल लागतांच गंजतात. थांबतांना गाडीचा भार पुढें येतो, पुढच्या ब्रेकांस अधिक श्रम पडतात, म्हणून पुढचीं चाकें अधिक मळतात. आणि जिला आम्ही धातूची चकाकी समजत होतों, ती वस्तुतः धातूवर चढविलेल्या पारदर्शक लेपाची! तारेनें आम्हीं तो लेप ओरखडला, आम्लानें दुबळा केला, आणि पावसाची ओल आंत शिरून लेपाखालीं गंजाचे तंतु पसरले. आम्लाप्रमाणेंच कॉस्टिक सोडाही या धातूस खातो. प्रत्येकास आपला धर्म असतो. पितळेचा धर्म अ‍ॅल्युमिनियमावर लादणें हा आमचा प्रमाद होता.

आतां आमचा नेम असा. आठ-दहा दिवसांनीं, सकाळच्या वेळीं, सावलींत, चाक हातास गार लागलें म्हणजे कामास आरंभ करावयाचा. तापल्या चाकावर साबणाचें पाणी जागच्या जागीं सुकून डाग पाडतें. अंगाआधीं चाकें धुवावींत, आणि त्यांची बादली व फडकें निराळें ठेवावें, नाहीं तर तेच लोहकण गाडीच्या रंगावर ओरखडे काढतात. प्रथम नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, मग सौम्य शाम्पूचें पाणी व मऊ ब्रश. एक चाक पुरें धुऊन झाल्यावांचून दुसऱ्यास हात लावूं नये. आमच्याकडील बोअरचें पाणी जड. तें वाळूं दिल्यास पांढरे ठिपके राहतात, म्हणून लगेच कोरडें पुसावें. मधून मधून मेणाचा हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळीं मळ सहज निघतो. शेवटीं गाडी हळू चालवून दोन-चार वेळां ब्रेक दाबावा, म्हणजे ब्रेकांतील ओल जाते.

गेल्या वर्षींच्या खंडेनवमीस मोटारीची पूजा करावयाची होती, आणि दुसरे दिवशीं विजयादशमीच्या मुहूर्तावर पुण्यास पुतणीचा साखरपुडा. पंधरा दिवसांपूर्वीं रात्रीं एका खड्ड्यांत पुढचें डावें चाक जोरानें आपटलें होतें. तेव्हांपासून त्या टायरची हवा कमी होई. सर्वांनीं दोष व्हॉल्व्हला दिला होता. आम्ही त्या चाकाची आंतली कड साबणानें धूत असतां शेजारीं बसलेला नातू एकाएकीं ओरडला, “आजोबा, फेस श्वास घेतो आहे!” पाहतों तों कडेवरील एका बारीक रेघेंतून बुडबुड्यांमागून बुडबुडे येत होते. चाकास तडा गेला होता.

टायरच्या दुकानीं, “वेल्डिंग करून देतों, दोन तासांत,” असें उत्तर मिळालें. थोरले बंधु म्हणाले, “अरे, केसाएवढी रेघ ती! मुहूर्त चुकवावयाचा काय?” परंतु या चाकांस भट्टींत तापवून विशिष्ट बळ आणलेलें असतें, वेल्डिंगच्या उष्णतेनें तें त्या जागीं नाहींसें होतें, हें आम्ही तोंवर वाचून होतों. थोरल्या बंधूंपुढें आम्हीं आयुष्यांत फारसा ‘नाहीं’ उच्चारिला नसेल. त्या दिवशीं उच्चारिला. गाडींत सूनबाई व दोन मुलें बसावयाचीं होतीं. स्टेपनीचें पोलादी चाक चढविलें, नट समोरासमोरच्या क्रमानें आवळले, आणि पुतण्यानें पहाटेसच निघून, अहिल्यानगरमार्गें, संथ गतीनें गाडी पुण्यास नेली. साखरपुडा वेळेवर झाला. नवें चाक मागाहून घेतलें.

परत आल्यावर थोरले बंधु कांहीं बोलले नाहींत. पुढच्या रविवारीं मात्र ते खुर्ची घेऊन अंगणांत बसले आणि म्हणाले, “आंतल्या बाजूनें नीट पाहिलेंस ना?” तेव्हां आम्हांस वडिलांचा तो धावेवरून फिरणारा हात आठवला. ते चाक पुसत नसत. पुसण्याच्या निमित्तानें चाक वाचीत असत. आमच्या चाकांवरचे पांढरे तंतु अजून तसेच आहेत. ते घालविण्याची आम्हांस घाई नाहीं.