ओळख करून देणाऱ्या परिषदेतच पडलेली भेग

ऑक्टोबर १९६६. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्रेंच संरचनावादाची अमेरिकी अभ्यासकांना ओळख व्हावी म्हणून परिषद भरली होती. रोलाँ बार्थ, जाक लाकाँ अशी मातब्बर मंडळी आली होती. त्यांच्यातच होते ३६ वर्षांचे, अमेरिकेत फारसे परिचित नसलेले जाक देरिदा.

संरचनावादाचे म्हणणे थोडक्यात असे: शब्दाला वा मिथकाला एकट्याने अर्थ नसतो, तो व्यवस्थेतील परस्परभेदांतून येतो. सोस्यूर यांची भाषेविषयीची ही दृष्टी क्लोद लेवी-स्त्रोस यांनी मानववंशशास्त्रात आणली. निसर्ग आणि संस्कृती ही त्यांची पायाभूत जोडी. जे सर्वत्र आढळते ते निसर्गाचे. जे नियमबद्ध, समाजागणिक बदलणारे, ते संस्कृतीचे.

मग रक्ताच्या नात्यांतील शरीरसंबंधांवरील बंदी कोणत्या बाजूची? लेवी-स्त्रोस यांच्या मते ती सार्वत्रिकही आहे आणि नियमही! ही अडचण त्यांनीच १९४९च्या आपल्या ग्रंथात नोंदवली होती. देरिदांनी नेमके तिथेच बोट ठेवले. ही बंदी जोडीला अपवाद नव्हे. ती जोडीच्याही आधीची, कदाचित तिला शक्य करणारी. असे असेल तर संरचनेला सावरून धरणारे ‘केंद्र’ तरी कितपत स्थिर? टीका झोंबणारी होती, कारण पुरावा घरचाच होता.

लेवी-स्त्रोस त्या सभागृहात नव्हते. देरिदांनी धरलेल्या वाटेला पुढे उत्तर-संरचनावाद हे नाव मिळाले. परिषदेचा ग्रंथ १९७० साली निघाला, तेव्हा ‘संरचनावादी विवाद’ हे केवळ उपशीर्षक होते. १९७२च्या आवृत्तीत तेच मुख्य शीर्षक झाले.