गाडी ओढंना गेली

जुन्या पेट्रोल गाडीची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. आमच्या धाराशिवकडे ती अशी सांगतात : ‘गाडी ओढंना गेली.’ चढाला मरते, पिकअप घेत नाही, मध्येच आचके देते, ॲव्हरेज पडलं, हे सगळं त्यात येतं. आणि हे ऐकल्यावर समोरचा माणूस, मग तो शेजारी असो, पाहुणा असो की रसवंतीवाला, लगेच निदान सांगून मोकळा होतो. ते कधीच लहान नसतं. इंजिन बसलं. रिंगा गेल्या. बोअर करून घ्या. दहा रुपयांत बरा होणारा आजार सांगायला लोकांना कमीपणा वाटत असावा.

वडील गावात वकिली करत. गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद. ऐंशीच्या दशकात त्यांनी सोलापूरहून एक जुनी प्रीमियर पद्मिनी आणली. कागदावर पद्मिनी, पण घरात आणि कोर्टात सगळे तिला फियाटच म्हणत. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं असा तो काळ, त्यामुळे जुनी गाडी घेतली म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. गाडी बनायची मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. कारखाना उभा केला वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंद जन्मले 1882 साली सोलापुरात. विकणाऱ्याने ही माहिती वडिलांना अशा थाटात ऐकवली होती की जणू गाडी त्याच्याच वाड्यात तयार झाली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअरची दांडी स्टिअरिंगला, आणि पुढच्या सीटवर लहान मूल मधे बसवण्याइतकी जागा. ते मूल मी.

आमचं गाव बालाघाटाच्या पठारावर. सोलापूरला जाताना तुळजापूरचा घाट उतरायचा, येताना चढायचा. जाताना कोणतीही गाडी चालते. येताना खरं काय ते कळतं. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर, गाडीत आम्ही सगळे, मागे आजीची वळकटी, आणि घाटाच्या मध्यावर इंजिन दम टाकायचं. वडील गाडी कडेला घेत, बॉनेट उघडत आणि पाण्याच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते फडकं पेट्रोल पंपावर ठेवत. हा पंप म्हणजे इंजिनाला चिकटून असलेली वाटीएवढी वस्तू. आत एक रबरी पडदा, डायफ्रॅम, तो वरखाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल कारबोरेटरकडे ढकलतो. घाटात गाडी हळू चालते, वारा लागत नाही, इंजिन तापतं, आणि पंपातल्या पेट्रोलचीच वाफ होते. पडद्याला द्रव ढकलता येतो, वाफ नुसती दाबली जाते. गार फडकं ठेवलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी निमूट चालू लागते. आजीचा मात्र ठाम समज होता की भवानीचा चढ आहे, देवीला हात जोडल्याशिवाय गाडी वर जाणार नाही. ती हात जोडायची, तोवर पंप गार व्हायचा. दोन्ही उपाय लागू पडले.

बार्शी नाक्याला एक मिस्तरी होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. वडिलांनी गाडी नेऊन लावली आणि ‘ओढंना गेली’ म्हटलं की चाचा आधी काहीच करायचे नाहीत. गाडी सपाट जागेवर न्यूट्रल करून एका हाताने ढकलून पाहायचे. सहज सरकली तर बॉनेट उघडायचं. नाही सरकली, तर ब्रेक धरलेत, इंजिनाचा काही दोष नाही. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की ड्रमचे ब्रेक असे धरतात, आणि बिचारं इंजिन आवळलेल्या चाकांशी झगडत राहतं. ही ढकलून पाहण्याची रीत मी आजतागायत दुसऱ्या कुणा मिस्तरीकडे पाहिली नाही. इतका साधा तपास केला तर गिऱ्हाइकाला बिल कशाचं लावायचं, हा प्रश्न असेल.

मग खरा तपास. चाचांचा क्रम ठरलेला : आधी करंट, मग पेट्रोल, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. ‘पैले करंट देखते, वकीलसाब. इंजन भागके किधर जाता?’ असं ते म्हणत. गाडी चालू ठेवायची, आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर उपसायची. वायर निघाली की आवाज पडला पाहिजे, इंजिन लंगडलं पाहिजे. पडला, तर तो सिलिंडर कामाला होता. कचेरीत कुणी रजेवर गेलं की टेबलं तुंबतात आणि कुणी आठवडाभर आलं नाही तरी पत्ता लागत नाही, तसंच हे. ज्याची वायर काढूनही आवाजात काही फरक पडत नाही, तो नुसता पगार खातोय. चाचा त्या सिलिंडरचा प्लग काढून उन्हात धरत. मला खाली वाकवून दाखवत. टोकाला काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला, तेलकट म्हणजे खालून ऑइल चढतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. आणि विटकरी रंग असला की प्लग पुन्हा बसवायचा, त्याचं काही चुकलेलं नाही.

त्यानंतर डेल्को. डिस्ट्रिब्युटर हा शब्द मी फार पुढे पुस्तकात वाचला. गॅरेजात तो डेल्कोच. झाकण काढलं की आत पॉइंट दिसतात, तोंडाला तोंड लावून बसलेले दोन बारीक धातूचे ठिपके. ते उघडतात त्या क्षणी कॉइलमधून ठिणगी सुटते. झिजून एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा आला की ठिणगी दुबळी होते. चाचा पॉलिश पेपरचा चिटोरा घडी करून त्यात फिरवत, मग फट लावत. फीलर गेज त्यांच्याकडे होतं, पण ते भिंतीवर टांगलेलं. हातात असायचा हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा. शेवटी वायर इंजिनाच्या अंगाजवळ धरून ठिणगी बघायची. निळी आणि कडकडणारी हवी. पिवळट, मरतुकडी आली तर कंडेन्सर बदलायचा; त्याची किंमत चहाच्या दोन-चार फेऱ्यांहून जास्त नसे. गाडी ‘बसली’ म्हणून आणलेली माणसं अर्ध्या तासात परत जात.

1993 च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि 30 तारखेच्या पहाटे जमीन हलली. नाव किल्लारीचं झालं, पण आमच्या जिल्ह्यातलं सास्तूरही तसंच भुईसपाट झालं होतं. वडिलांनी आणि त्यांच्या बार रूममधल्या मंडळींनी भाकरी, चादरी, कंदील भरले आणि फियाट निघाली. वर पाऊस. वाटेत पाण्याच्या लोटातून गाडी काढली आणि ती मिसिंग मारायला लागली. कॉलेजातला मी शेजारी बसलेलो. डेल्कोचं झाकण काढलं, आतून दव सुटल्यासारखी ओल. ती रुमालाने पुसली, वायरी पुसल्या, झाकण बसवलं, गाडी चालू. त्या दिवसाविषयी मला जास्त लिहिता येत नाही. सास्तूरच्या अलीकडे गाडी थांबवून पुढे चालत गेलो, तिथपर्यंत करंट गेला नाही, इतकं सांगतो.

गाडी पुढे माझ्याकडे आली. नोकरीच्या गावी मी मारुती 800 चालवत होतो, तीन सिलिंडर, 796 सीसी, हलकीफुलकी, तक्रार न करणारी. तिच्याबद्दल लिहावं असं काही तिने केलंच नाही. फियाट सणावारी निघायची. एकदा येडेश्वरीला, येरमाळ्याला जाताना तिने नवीच खोड काढली. गावाबाहेर पडून थोडं अंतर गेलं की दम कोंडल्यासारखी मरायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा तेवढीच धावायची. करंट ठीक, प्लग विटकरी, पंपावर फडकं ठेवून उपयोग नाही. तिसऱ्या थांब्याला मी पेट्रोल किती उरलंय ते बघायला टाकीचं झाकण उघडलं, तर आत हवा शिरल्याचा स्स्स आवाज आला आणि नंतर गाडी सरळ येरमाळ्यापर्यंत गेली. टाकीत पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला श्वासाचं बारीक भोक असतं. त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. टाकीत पोकळी तयार होई, पंप ओढून ओढून थके. गाडी उभी केली की हवा कशीबशी झिरपत आत जाई आणि पुन्हा काही मैलांची सोय होई. सेफ्टी पिनेने माती काढली. सोबतच्या मेव्हण्याने तोवर इंजिनकामाचा खर्च तोंडी काढून ठेवला होता.

खरं इंजिनापर्यंत जायची वेळ एकदाच आली, आणि तिचं मूळ फार लांब होतं. 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं. ते यायलाच हवं होतं. शिसं मुलांच्या रक्तात जात होतं. पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर हेच शिसं पातळ थर धरून राहायचं आणि धातूवर धातू आपटण्याचा मार सोसायचं. ते गेल्यावर बैठका हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह खोल बसतो, टॅपेटची फट मिटत जाते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. आमच्या तिसऱ्या सिलिंडरचं हेच झालं. चाचा थकले होते, पण तपास त्यांनीच केला. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि मला स्टार्टर मारायला लावला. बाकी तीन ठिकाणी अंगठा उडायचा, इथे जेमतेम हलला. मग त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तेच. ऑइलने दाब वाढला असता तर रिंगा. ऑइल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं. दाब वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. हेड खोलल्यावर जळकी कड दिसली, चाचांनी ती नखाने दाखवली. रिंगा चांगल्या होत्या. बोअर करा म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर ते फुकटचं झालं असतं.

अलीकडचं दुखणं नवं आहे, आणि ते आमच्याच शेतातून आलंय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल 2023 पासून काही पंपांवर सुरू झालं आणि 2025 पर्यंत तेच सगळीकडचं पेट्रोल झालं. इथेनॉल मक्यापासूनही होतं, पण आमच्या भागात ते म्हटलं की ऊसच डोळ्यासमोर येतो. ढोकी, रांजणी, केशेगाव या साखर कारखान्यांच्या गावांकडे हंगामात कुठल्याही रस्त्याला लागा, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो आणि मागे दुसऱ्या गिअरवर तापणारी आपली गाडी. शेजारच्या लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, अशा दुष्काळी पट्ट्यात हा ऊस उभा राहतो. आता तो समोरून अडवतो आणि टाकीतूनही.

कारण सरळ आहे. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट पुरते. नव्या गाडीत धुराच्या वाटेवर सेन्सर असतो, तो हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. फियाटच्या कारबोरेटरला असलं काही कळत नाही. जेटचं भोक जेवढं तेवढंच, त्यातून आता कमी जळण जातं आणि हवा जास्त ठरते. त्यात लिटरमागे इथेनॉलची ऊर्जाच पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. वीस टक्के मिश्रणाने जुन्या रचनेच्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा डिंक सोडवून फिल्टरमध्ये आणतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या पद्धतीचं रबर मऊ करतं, म्हणजे तो पंपातला पडदाही.

चाचांचा नातू आता गॅरेज बघतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे. गाडी नेली तेव्हा त्याने स्टिअरिंगखाली हात घालून चाचपलं आणि विचारलं, ‘काका, हिचं सॉकेट कुठंय?’ मग हसला. म्हणाला, ‘इंजिनकामच करून टाका.’ मी म्हटलं, ‘आधी ढकलून बघ.’ सहज सरकली. मग पकड त्याच्या हातात दिली. चारही वायरींना आवाज सारखाच पडला, म्हणजे एकटा कुणी आजारी नाही, सगळेच उपाशी आहेत. चारही प्लग पांढरे. एवढं झाल्यावर पोराचा हात बरोबर पडायला लागला. सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम मागवला, सोलापूरच्या एका जुन्या दुकानातून एक नंबर मोठा मेन जेट शोधून आणला, टायमिंग किंचित पुढे घेतलं.

आता प्लग फिकट विटकरी आहेत. मागच्या नवरात्रात सोलापूरहून येताना घाट तिसऱ्या गिअरवर चढली, फक्त शेवटच्या टप्प्याला दुसरा मागितला. नातू म्हणाला अजून अर्धा नंबर जेट वाढवून बघू. मी नको म्हटलं. चाळीस अश्वशक्तीत पाच माणसं, डिकीत पाण्याचा कॅन आणि चादरींचा गठ्ठा. तिथे ती वडिलांच्या हातातही दुसरा मागायचीच.