शिष्यवृत्तीचे तिसरे कलम

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. चंद्रपूरचा उन्हाळा माघार घ्यावयाच्या बेतात होता, आणि मी ओसरीवर बसून पहिल्या सरीची वाट पाहत होतो. इतक्यात धानोऱ्याहून माझी भाची आली. बारावीनंतर कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावयाचा, हे तिने केव्हाच ठरविले होते. कोठे घ्यावयाचा, एवढेच ठरावयाचे होते. तिच्या हाती दोन कागद होते. पहिला एका नामांकित विद्यापीठाचा. तेथील वर्षाचा खर्च काही लाखांचा, आणि तो भागविण्यासाठी तिच्या वडिलांनी धानाची तीन एकर जमीन गहाण ठेवावयाची तयारी केली होती. दुसरा कागद दूरच्या शहरातील एका खासगी महाविद्यालयाचा. त्याचे नाव मीही कधी ऐकले नव्हते. परंतु तिचे गुण पाहून त्यांनी पाचही वर्षांची फी माफ केली होती.

“मामा, तुम्ही सांगाल तसे करते,” ती म्हणाली.

हे वाक्य ऐकावयास गोड असते, पण पेलावयास फार जड.

माझे मन प्रथम नामांकित विद्यापीठाकडे धावले, हे कबूल केले पाहिजे. मी स्वतः अशाच एका अप्रसिद्ध महाविद्यालयातून बाहेर पडलो. पुढे नागपूर खंडपीठासमोर उभा राहिलो, तेव्हा माझे शिक्षण कोठे झाले हे एकाही न्यायमूर्तीने विचारले नाही. परंतु त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यात जी पहिली पाच-सहा वर्षे गेली, त्यांत तो प्रश्न पावलोपावली आडवा येत असे. मोठ्या संस्थेतून विद्यार्थी केवळ ज्ञान घेऊन निघत नाही. चांगले सोबती, ग्रंथालयात बसण्याची सवय आणि मोठ्या दारावर थाप मारण्याचा धीटपणा हेही तो बरोबर नेतो. या गोष्टी मागाहून मिळविता येतात. मात्र त्यांची किंमत दामदुपटीने मोजावी लागते.

वकिलीच्या धंद्याला श्रेणीचे वेड तसे जुनेच. मुखत्यार, प्लीडर, वकील, ॲडव्होकेट, बॅरिस्टर ही उतरंड एके काळी आपल्याकडे राजरोस नांदत होती. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने ती मोडली. ज्येष्ठत्वाचा मान न्यायालय काहींना देते तेवढा सोडला, तर आज सनद सर्वांची एकच, आणि वकिलीसाठी द्यावयाची अखिल भारतीय परीक्षाही एकच. परंतु माणसाला उतरंडीवाचून करमत नाही. केंद्र सरकारच्या क्रमवारीत 2018 पासून कायद्याच्या संस्थांचीही यादी निघू लागली. त्या यादीत अध्यापनाला, संशोधनाला आणि निकालाला गुण आहेत, तसे लोकांच्या मनातील प्रतिमेलाही आहेत. म्हणजे ज्याची कीर्ती आहे, त्याला कीर्तीबद्दलही गुण मिळावयाचे! तथापि एवढ्यावरून यादी हसण्यावारी नेणे शहाणपणाचे नव्हे. जेथे अध्यापक थोडे आणि पुस्तके त्याहून थोडी, तेथील उणीव यादी छापली नाही तरी उणीवच राहते.

मग मी दुसरा कागद चष्मा पुसून वाचावयास घेतला. पहिली दोन कलमे अभिनंदनाची होती. तिसऱ्यात लिहिले होते, की शिष्यवृत्ती चालू राहण्यास विद्यार्थ्याचा क्रम दरवर्षी वर्गाच्या पहिल्या चतुर्थांशात असला पाहिजे.

“यात काय वावगे आहे? मी अभ्यास करीन,” भाची म्हणाली.

“तू करशीलच. पण समज, शंभरांच्या वर्गात पन्नासांना हीच शिष्यवृत्ती दिली आहे. पहिल्या चतुर्थांशात जागा किती?”

ती क्षणभर गप्प राहिली. “पंचवीस.”

“म्हणजे पन्नासांनी जिवापाड अभ्यास केला, तरी निदान पंचविसांची शिष्यवृत्ती जाणारच. आणि ती दुसऱ्या वर्षी गेली, तर तुझे बाबा त्या वेळी जमीन गहाण टाकतील. तीही अशा ठिकाणासाठी, की जेथे तू केवळ फुकट म्हणून गेली होतीस.”

शिष्यवृत्तीला आपण देणगी समजतो; वस्तुतः तो करार असतो. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या उदार हातानेही, परतल्यावर संस्थानची दहा वर्षे चाकरी करावी, असा करार लिहून घेतलाच होता. त्यात गैर काही नाही. परंतु कायदा शिकू इच्छिणाऱ्याने आपल्या आयुष्यातला पहिला करार न वाचता त्यावर सही करावी, हे मात्र गैर आहे.

हे मी तिला सांगावे, यात एक गंमत होती. तिला कायद्याची ओढ लागली ती मुळी एका शब्दाच्या वाचनामुळे. धानोऱ्याच्या शेजारच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्यान्वये 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून बाहेर न्यावयाचा म्हणताच अडचण उभी राहिली. 1927 च्या वन कायद्याने बांबू झाडांत मोजला होता. 2006 च्या कायद्याने तोच गौण वनोपजात घातला होता. व्याख्येतील त्या एका शब्दावर गावाची मिळकत अडून होती. वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले ते 2011 च्या एप्रिलात. गावातील अभ्यासगट वर्षानुवर्षे कायदे वाचीत बसला होता, आणि त्यातल्या कोणालाही कोणी त्याच्या महाविद्यालयाचा क्रमांक विचारला नव्हता. ही हकीकत भाचीने लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकली होती.

“मग मामा, हे कलम बदलून मागता येईल का?” तिने विचारले.

मी चाट पडलो. इतकी वर्षे वकिली करून मला ही दोन दारेच दिसत होती. दाराची कडी काढता येते, हे त्या पोरीला सुचले. रात्री बसून तिने पत्र लिहिले. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. क्रमांकाऐवजी ठरावीक गुणांची अट घालावी, कारण गुण मिळविणे माझ्या हाती आहे, क्रमांक इतरांच्याही हाती आहे. गतवर्षी कितीजणांची शिष्यवृत्ती बंद झाली तेही कळवावे. अशी त्यात विनंती होती. आठ दिवसांनी उत्तर आले. शिष्यवृत्ती किती जणांची बंद झाली, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. अट मात्र बदलली होती: प्रतिवर्षी साठ टक्के गुण. खाली सही होती आणि शिक्काही.

ती तेथेच गेली. तो निर्णय बरोबर होता की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. नामांकित विद्यापीठात तिला जे मिळाले असते त्याची यादी मी अजूनही अधूनमधून मनात करतो, आणि ती लहान नसते. परंतु यंदा तिच्या वडिलांनी त्या तीन एकरांत कोणाचे देणे डोक्यावर न घेता रोवणी केली. कायदा शिकून तिला ज्यांच्यासाठी उभे राहावयाचे आहे, तेही अशाच तीन-तीन एकरांचे धनी आहेत.

परवा तिचा फोन आला. आवाजात थोडी निराशा होती. “मामा, इथले ग्रंथालय पाच वाजताच बंद होते.”

“नियमात तसे लिहिले आहे का?” मी विचारले.

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ती हसली. “बघते,” म्हणाली.