पिवळे पाकीट

अमेरिकेतील एखाद्या गांजलेल्या घरी पिवळ्या पाकिटातून पत्र येते: तुमचे इस्पितळाचे देणे फिटले, परतफेड नको. वाचणाऱ्याच्या मनात कृतज्ञतेच्या आधी संशय येतो, आणि तो स्वाभाविकच. आजवरचे प्रत्येक पाकीट तगाद्याचेच होते.

ही पत्रे धाडणारी ‘आर. आय. पी. मेडिकल डेट’ (आजचे नाव ‘अनड्यू मेडिकल डेट’) ही संस्था २०१४ साली स्थापन झाली. संस्थापक दोघे, दोघांचाही पूर्वीचा व्यवसाय कर्जवसुलीचा! इस्पितळांची थकलेली येणी बाजारात कवडीमोलाने विकली जातात, हे त्यांना ठाऊक होते. वसुलीदार ती नफ्यासाठी घेत. यांनी देणगीच्या पैशातून घेऊन माफ करण्यास आरंभ केला. एका डॉलरात सुमारे शंभर डॉलरचे देणे मिटते. ज्या कागदाचे मोल बाजार एक डॉलर ठरवतो, त्याच कागदापायी ऋणको मात्र पूर्ण शंभरांनी बांधलेला असतो.

भावाचा वाटा भावास देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ती खते त्यांची स्वतःची होती. येथे दात्याला परक्याचे खत आधी विकत घ्यावे लागते.

अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशा माफीनंतर लोकांच्या मनःस्वास्थ्यात सरासरीने सुधारणा आढळली नाही. निष्कर्ष कठोर वाटतो, अनाकलनीय नाही. येणी इतकी स्वस्त होईतो बहुधा वर्षे उलटलेली असतात. पोटाला चिमटा घेऊन झालेला असतो. आणि पत्र आल्याच्या आठवड्यातच मूल पुन्हा तापाने फणफणले, तर इस्पितळ नवे बिल करतेच.