आमचा घरचा सामना, तुझ्या गावात

प्रिय दादा,

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, "बालेवाडी आता तुम्हा मुंबईकरांचीच झाली." सहज म्हणालास की मुद्दाम? तुझ्या आवाजावरून मला ते कधीच कळलेलं नाही. पण ते वाक्य मनात रुतून बसलंय. तेव्हाच उत्तर द्यायला गेले असते तर आपण भांडलो असतो आणि मामीला मध्ये पडावं लागलं असतं. म्हणून लिहिते.

बालेवाडी आमची कधीच नव्हती, दादा. आम्हाला ती नकोच होती.

२०१२-१३ चा आय-लीगचा मोसम आठव. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम निघालेलं. जुनं गवत काढून तिथे कृत्रिम हिरवळ घालायची होती, आणि एवढ्या मोठ्या मुंबईत आमच्या संघाची दुसरीकडे सोय होईना. मग मुंबई एफसीचे घरचे सामने पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर. एअर इंडियाचेही पुण्यात. पुणे एफसी तर तिथलीच. तीन संघ आणि एक मैदान. त्या गवताला सावरायला उसंत मिळत नाही म्हणून तू किती हळहळायचास!

वेळापत्रकात 'घरचा सामना' छापलेलं असायचं आणि मी दादरला शिवनेरीत बसायचे. वाकडला उतरून रिक्षा करायची, तर गेटवर तू आधीच हजर, हातात मामीनं दिलेला डबा. सामना तुझ्या संघाचा नसतानाही तू यायचास. समोर कोलकात्याचा संघ असो की गोव्याचा, तुला फरक पडत नसे. "गावात फुटबॉल चाललाय आणि मी घरी कसा बसू?" म्हणायचास. मला तेव्हा त्याचा राग यायचा, माहीत आहे तुला? वाटायचं, याच्या गावात, याच्या मैदानावर, याच्याच डब्यातली पोळी खाऊन आपण आपल्या संघाला 'घरचा' कसं म्हणायचं?

आणि तुमचा-आमचा सामना! मोसमात दोनदा व्हायचा, एकदा तुमच्या घरी आणि एकदा आमच्या घरी, आणि दोन्ही वेळा बालेवाडीतच. तेच स्टँड, तीच धावपट्टी, फक्त संघांच्या नावांचा क्रम उलटा. आमच्या 'घरच्या' सामन्याला तुमचे लोक आमच्याहून जास्त असायचे. कामाच्या दिवशी मुंबईहून दीडशे किलोमीटर कोण येणार? आमची यलो ब्रिगेडची मूठभर पोरं घसा फुटेपर्यंत ओरडायची आणि तो आवाज धावपट्टी ओलांडून खेळाडूंपर्यंत पोचेस्तोवर विरून जायचा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल. ॲथलेटिक्ससाठी उत्तम असेल. फुटबॉलच्या प्रेक्षकाला ते लांब ठेवतं, हे तूही मान्य करायचास, आणि लगेच म्हणायचास, "तुमच्याकडे तेवढं तरी कुठाय?"

हे तुझं बोलणं लागायचं, कारण आमच्याकडे कूपरेज होतं. तू ते फारसं पाहिलं नाहीस. पाच हजार माणसांत भरून जाणारं, मंत्रालयापासून चालत जाण्याजोगं. स्टँडमध्ये बसलं की गोलरक्षक बचावपटूंवर खेकसतो ते ऐकू येतं. बाबांनी रोव्हर्स कप तिथेच पाहिला. १८९१ मध्ये सुरू झालेली ती स्पर्धा! हैदराबाद पोलिसांच्या संघानं १९५० पासून सलग पाच वर्षं तो कप नेला, हे बाबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं आणि मी बाबांकडून. मैदान एका पिढीकडून दुसरीकडे असं येतं. बालेवाडीत बसून मला हे सगळं कुणाला सांगायचं होतं? आणि कशाच्या आधारानं?

त्याच सुमारास तू मला इंग्लंडच्या कॉव्हेंट्री सिटीचे फोटो दाखवलेस, आठवतं? स्टेडियमच्या भाड्यावरून वाद झाला आणि त्यांचा क्लब २०१३ मध्ये पन्नासेक किलोमीटरवरच्या नॉर्थॅम्प्टनला जाऊन 'घरचे' सामने खेळू लागला. हजारो चाहत्यांनी जायचंच बंद केलं. काही जण जायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. मैदानाशेजारच्या टेकडीवर उभं राहून दिसेल तेवढं पाहायचे. वर्षभरानं, सप्टेंबर २०१४ मध्ये, क्लब कॉव्हेंट्रीत परतला. तरी २०१९ मध्ये पुन्हा तीच वेळ आली, या खेपेला बर्मिंगहॅममध्ये, दोन मोसम. तिथे राहून त्यांनी तिसऱ्या पायरीची लीग जिंकली. आपल्या गावाबाहेर जिंकलेल्या त्या विजेतेपदाचा आनंद कसा झाला असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय.

"तुम्ही का आत जाता मग?" असं तू विचारलं होतंस. तेव्हा मी काहीतरी तोडून बोलले होते. आज नीट सांगते. त्यांना राग धरायला मालक होता, वाद होता, समोर कुणीतरी होतं. बाहेर उभं राहून कुणाला तरी काहीतरी कळवता येत होतं. आम्ही बाहेर उभे राहिलो असतो तर कुणाला कळलं असतं? मुंबईला? आपल्या शहरात फुटबॉल क्लब आहे याचाच पत्ता निम्म्या मुंबईला नव्हता. आम्ही आत गेलो नसतो तर ती अकरा माणसं एकटी पडली असती.

आम्ही परतलो, दादा. हिरवळ झाली, कूपरेज पुन्हा मिळालं, डोळे भरून आले. आणि तुझं काय झालं? २०१२-१३ मध्ये डेरिक परेरांचा पुणे एफसी लीगमध्ये दुसरा आला होता, चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल. त्यानंतर दोनच मोसम. मालकांनी हात काढून घेतला आणि संघ संपला. एअर इंडिया तर त्याआधीच, २०१३ मध्ये, परवान्याच्या अटींत बसत नाही म्हणून लीगबाहेर गेला होता. आमचा मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला राहून खाली गेला तो परत वर आलाच नाही. ज्या खालिद जमीलनं आम्हाला वर्षानुवर्षं तगवून ठेवलं, त्यानं त्याच मोसमात आयझॉलला विजेतेपद मिळवून दिलं. ते पाहून मी आनंदानं रडले की दुःखानं, अजून सांगता येत नाही. बालेवाडीत नांदलेल्या तिन्ही संघांपैकी आज एकही वरच्या लीगमध्ये नाही.

तू मात्र हार मानली नाहीस. आयएसएल या नव्या लीगमध्ये एफसी पुणे सिटी आला तेव्हा पुन्हा जाऊन बसलास, त्याच स्टँडमध्ये, नारिंगी शर्टात. २०१८ मध्ये तो संघ उपांत्य फेरीत गेला तेव्हा तुझे रात्री बाराला फोन. पुढच्याच वर्षी तोही बंद. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. आणि २०२२ मध्ये हैदराबाद फत्तोर्ड्यावर आयएसएल जिंकला, त्या रात्री तू माझा फोन उचलला नाहीस. मी पुन्हा केला नाही. काय बोलणार होते?

मला आयएसएलमध्ये मुंबई सिटी मिळाला, तुला काहीच नाही. हे मी कधी तुझ्यासमोर उच्चारलं नाही आणि तूही नाही. आमच्या सुखालाही कुठे घर होतं म्हणा. २०२१ चं पहिलं विजेतेपद आम्ही गोव्यात जिंकलो. करोनामुळे अख्खी लीग तिथे, बंद दारांआड. उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टींवर हरवलं आणि अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. मी घरात किंचाळले आणि समोरच्या गॅलरीतली माणसं बघायला आली. मुंबईच्या एकाही प्रेक्षकानं तो गोल मैदानात बसून पाहिला नाही.

मग २०२३. एएफसी चॅम्पियन्स लीग. मुंबई सिटीचं अंधेरीचं मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसेना, म्हणून आमचे घरचे सामने पुन्हा तुझ्या दारात. गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल, म्हणजे नेमार! तू हरखून गेलास. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला, तरी तू तिकीट परत करायचा विचारही केला नाहीस. तो एक सामना बालेवाडीत न होता नवी मुंबईत झाला, तरी ६ नोव्हेंबरला तू तिकडे आलास आणि आपण शेजारी बसलो. भाऊबीज आठवड्यावर होती. "ओवाळणी आत्ताच देतोय," म्हणून तू माझ्या तिकिटाचेही पैसे घेतले नाहीस.

त्या रात्री मला कशाचा राग आला, ऐक. आपण ०-२ नं हरलो त्याचा नाही. अल हिलालसमोर आमची पोरं झुंजली. तू पांढरा शर्ट घालून आला होतास त्याचा राग आला. कुणाचाच नसलेला रंग. आणि तरी आमचा बचावपटू घसरून चेंडू अडवायचा तेव्हा सगळ्यांआधी उभा तू राहायचास. मागचा मुलगा तुला म्हणाला, "काका, तुम्ही मुंबईहून आलात?" तू नुसती मान हलवलीस. हो की नाही, त्याला कळलं नाही. मला कळलं.

तेव्हा बालेवाडी आमची झाली, असं म्हणू नकोस. तुझ्या शहरात मैदान आहे आणि क्लब नाही, माझ्या शहरात क्लब आहे आणि आशियाला दाखवण्याजोगं मैदान नाही. देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर हे, आणि त्याला एक धड फुटबॉल स्टेडियम उभारता येत नाही, याची मला लाज वाटते. हा राग माझा माझ्या शहरावर आहे, तुझ्यावर नाही. तू तर आम्हाला दोनदा जागा दिलीस, आणि दोन्ही वेळा डबाही. तुझं मैदान आमच्या खेळानं उखडलं तेव्हाही तक्रार गवताची केलीस, आमची नाही. दुसऱ्या शहराचा संघ आपल्या मैदानाला घर म्हणतोय हे ऐकत बसायला केवढं मन लागतं, ते मला कूपरेज बंद असताना उमगलं नव्हतं. आता उमगतं.

पण एक तक्रार आहेच. तू आता शनिवार-रविवारी फक्त इंग्लंडचे सामने पाहतोस. डेक्कन जिमखान्यावर मुलं खेळतात तिकडे फिरकतही नाहीस, असं मामी सांगते. पुण्यात क्लब नाही हे खरं. पण पुण्यात चाहताही उरला नाही, असं पुढे कुणी म्हटलं तर तुला चालेल?

अंधेरीला सामना असेल तेव्हा ये. राहायला घरी, परतीची घाई नको. आणि पांढरा शर्ट नको, आमचा निळा तर मुळीच नको. पुणे एफसीचा तो लाल शर्ट मामीनं कपाटात वरच्या फळीवर जपून ठेवलाय, मी विचारून घेतलंय. तो घालून माझ्या शेजारी बस. लोकांनी विचारलं तर या वेळी मान हलवू नकोस, कुठला ते तोंडानं सांग.

तुझी,
धाकटी