कथेचा मध्य

माझ्याकडे कथा दाखवावयास येणाऱ्या एका तरुण लेखिकेने परवा आपला मसुदा पुढे ठेवला, तेव्हा त्याच्या समासात पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या: अमुक पानावर पहिली कलाटणी, तमुक पानावर दुसरी, आणि ही सारी तजवीज सिड फील्ड यांच्या १९७९ सालच्या 'स्क्रीनप्ले' या ग्रंथाबरहुकूम केलेली होती. "सर, सुरुवात जमते, शेवटही ठाऊक असतो," ती म्हणाली, "पण मधली पानं नुसती भरल्यासारखी होतात."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कारण ज्यांनी ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' पाठ केल्यासारखे वाचले आणि निरगाठ व उकल यांच्यापायी रात्री जागविल्या, त्यांपैकी एक असूनही मी नेमका त्याच ठिकाणी आजतागायत अडतो. फील्ड यांच्या हिशेबी एकशेवीस पानी पटकथेत मधला अंक साठ पानांचा, म्हणजे निम्मा. तरी त्यांचा मूळ भर त्याच्या दोन टोकांच्या कलाटण्यांवर होता, आणि मध्यबिंदूची पुरवणी त्यांना मागाहून जोडावी लागली. अॅरिस्टॉटलची व्याख्या अशी, की ज्याच्या आधी काही असते आणि ज्याच्यामागून काही येते तो मध्य. ती निर्दोष आहे, परंतु कोऱ्या कागदापुढे बसलेल्यास तिच्यातून एक वाक्यही सुचत नाही.

मला आधार सापडला तो दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त. त्याच्या पाच अर्थप्रकृतींत बीजानंतर बिंदू येतो: अवांतर प्रसंगामुळे तुटू लागलेले कथासूत्र पुन्हा सांधणारा. शास्त्रकार तो कोठे दाखवितात हा भाग निराळा. माझ्यापुरता तो दुर्वासाच्या शापात आहे. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात शाप नाही, मुद्रिकाही नाही. तेथे राजा ओळखूनच तिला नाकारतो. कालिदासाने चौथ्या अंकाच्या विष्कंभकात शाप योजिला, तो सख्यांच्या कानी घातला आणि शकुंतलेला कळू न देण्याचे त्यांच्याकडून ठरवून घेतले. त्यामुळे सासरी निघालेल्या मुलीच्या निरोपाचा तो दीर्घ अंक, ज्यात घटना म्हणावी अशी फारशी घडतच नाही, प्रेक्षकाच्या जिवाला घोर लावतो. कण्वाश्रमातील एकेक वृक्ष, एकेक वेल तिचा निरोप घेते, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते तिच्याखेरीज आपणा सर्वांस माहीत असते. अशी माहिती कोणती द्यावी, आणि ती किती आधी द्यावी, हे मला कोणत्याही मार्गदर्शकाने सांगितलेले नाही. प्रत्येक नव्या कथेत मी ते चाचपडतच शोधतो.

गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृतींनी घट्ट रचलेल्या कथानकाचे बंधन झुगारले ते मनोव्यापारांच्या सूक्ष्म सांधेजोडीच्या बळावर. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळांनी बंधन झुगारल्याचा दाखला तेवढा मिरविला आणि सांधा सोडून दिला. दिवाळी अंकांतील कितीतरी कथा म्हणूनच अर्ध्यावर निष्प्राण होतात, आणि चतुर शेवटाने त्यांत जीव येत नाही. हे लिहिताना माझा अहंकारही सांगितला पाहिजे: वाचकांनी मला वाखाणले ते शेवटांबद्दल, त्या वाखाणणीचा लोभ अद्याप सुटलेला नाही, आणि कथा छापून आली की मी प्रथम तिचा अखेरचा परिच्छेदच वाचतो.

होतकरू लेखकांनी तंत्राचे ग्रंथ अवश्य वाचावेत, परदेशीही वाचावेत. माझी विनंती एवढीच, की त्यांच्या आधी शाकुंतलाचा चौथा अंक लेखकाच्या नजरेने एकदा वाचावा.